पोटातली सावली दाखवणारा डॉक्टर

पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी करून आलेल्या बाईच्या हातात एक फाइल असते. घरी आल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न, सगळं ठीक आहे ना? बहुतेक वेळा असतंच. पण कधीकधी त्या दोन पानी इंग्रजी रिपोर्टात खाली एक ओळ असते. हृदयात पांढरा ठिपका दिसतो, मेंदूत पाण्याची बारीकशी गाठ दिसते, मूत्रपिंडाची नळी जरा फुगलेली वाटते, पुन्हा तपासणी करावी. बस्स, एवढंच. आणि तिथून पुढे त्या बाईचं खाणंपिणं, झोप, बोलणं, सगळंच बदलतं. डोहाळजेवणाची साडी कपाटातच राहते.

अशा ओळीनं हैराण झालेल्या बायका मी अगदी जवळून पाहिल्या आहेत. म्हणूनच आज या सदरात, ज्या माणसामुळे ही ओळ लिहिता येऊ लागली, त्याची गोष्ट सांगायची आहे. आयन डोनाल्ड हे त्यांचं नाव. डॉक्टर मंडळींना ते पाठ असतं. आपल्याला मात्र सोनोग्राफी माहीत, ती कुणी आणली ते माहीत नाही.

डोनाल्ड यांचा जन्म २७ डिसेंबर १९१० चा, इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या लिस्कर्ड गावातला. वडील डॉक्टर, आई पियानो वाजवणारी कलावंत. चार भावंडांत हे थोरले. वडिलांची तब्येत बरी नसे, म्हणून पुढे सगळं कुटुंब दक्षिण आफ्रिकेला गेलं. केपटाउनला शिक्षण चाललं होतं, तेही डॉक्टरकीचं नव्हे बरं का, जुन्या ग्रीक-लॅटिन भाषांचं! आणि १९२७ मध्ये घरावर आभाळ कोसळलं. घरात घटसर्प शिरला, त्यात आई गेली. काही महिन्यांतच वडीलही गेले. सोळा वर्षांचा मुलगा आणि पाठची भावंडं. घर सांभाळायला असलेल्या बाईंनीच या मुलांना आईच्या मायेनं वाढवलं. नंतर डोनाल्ड लंडनला आले, सेंट थॉमस हॉस्पिटलच्या कॉलेजातून १९३७ मध्ये डॉक्टर झाले. त्याच वर्षी आफ्रिकेतल्या एका शेतकऱ्याच्या मुलीशी, ॲलिक्सशी, लग्न झालं. पुढे त्यांना चार मुली झाल्या. एकामागून एक चार मुली! आपल्याकडे काय काय ऐकावं लागलं असतं त्या ॲलिक्सला, हा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

दुसऱ्या महायुद्धात ते विमानदलात डॉक्टर होते. एकदा बॉम्ब भरलेलं विमान पेटलं, तेव्हा आत शिरून त्यांनी अडकलेल्या माणसांना बाहेर काढलं. त्याबद्दल त्यांना सरकारी सन्मान मिळाला. पण आपल्या गोष्टीच्या दृष्टीनं महत्त्वाचं वेगळंच आहे. विमानदलात त्यांनी रडार पाहिलं. पाण्याखालच्या पाणबुड्या आवाजाच्या लाटांनी कशा शोधतात, तेही कळलं. आवाज सोडायचा, तो कशावर तरी आपटून परत येतो, किती वेळानं आला त्यावरून वस्तू किती लांब आहे ते समजतं. दरीच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली की प्रतिध्वनी येतो ना, तसंच. फक्त हा आवाज इतका बारीक की माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही.

युद्धानंतर ते बाळंतपणाच्या शाखेत आले. जन्मल्यावर ज्यांना श्वास घेता येत नाही अशा बाळांसाठी त्यांनी श्वास देणारी यंत्रं बनवली. यंत्रांचं त्यांना वेडच होतं. उंच, लाल केसांचे, चटकन तापणारे. बरोबरचे लोक पाठीमागे त्यांना वेडा डोनाल्ड म्हणत. १९५४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात ते प्रसूतिशास्त्राचे मुख्य प्राध्यापक झाले.

त्या वेळचं ग्लासगो म्हणजे कारखान्यांचं, धुराचं, दाटीवाटीच्या चाळींचं शहर. मोलमजुरी करणाऱ्या बायका, एकामागून एक बाळंतपणं. गरोदर बाईच्या पोटात काय चाललंय हे कळायला डॉक्टरांकडे दोन हात आणि एक नळी, एवढंच होतं. पोट दाबून बघायचं, बाळाचे ठोके ऐकायचे. फारच शंका आली तर एक्स-रे. आणि १९५६ मध्ये तर ॲलिस स्टुअर्ट नावाच्या इंग्रज डॉक्टरबाईंनी दाखवून दिलं की गरोदरपणी काढलेल्या एक्स-रेचा मुलांच्या कॅन्सरशी संबंध असावा. म्हणजे तोही दरवाजा बंद होत चाललेला. पोटात गाठ आहे, पण ती घट्ट मांसाची की पाण्याची? बाई गरोदर आहे की गाठच वाढतेय? हे पोट उघडल्यावरच कळायचं.

ग्लासगोजवळ रेनफ्र्यूला बॉयलर बनवणारा एक मोठा कारखाना होता, बॅबकॉक अँड विल्कॉक्स. (मुंबईकडच्या जुन्या गिरणी कामगारांना हे नाव ओळखीचं वाटेल.) बॉयलरच्या पोलादात आत कुठे भेग तर नाही ना, हे तिथे आवाजाच्या लाटांनी तपासत. त्या कारखान्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पत्नीवर डोनाल्ड यांनी उपचार केले होते. त्या ओळखीनं त्यांना कारखान्यात जायला मिळालं. २१ जुलै १९५५ चा तो दिवस. दोन मोटारींच्या डिकीत काय भरून नेलं असेल? ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी! काही फायब्रॉइडच्या, घट्ट. काही अंडाशयाच्या, पाण्यानं भरलेल्या. ताडून बघायला कारखान्यानं मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवलेला. कामगारांना काय वाटलं असेल देव जाणे. पण यंत्रानं फरक दाखवला. पाण्याच्या गाठीतून आवाज सरळ पलीकडे जातो आणि मागच्या भिंतीवरून परत येतो. घट्ट गाठीत तो वाटेतच विखुरतो. जेवायच्या सुट्टीआधीच डोनाल्ड यांना कळून चुकलं होतं की आपल्या हाती काहीतरी मोठं लागलंय.

पुढचं काम एकट्याचं नव्हतं. टॉम ब्राउन नावाचा विशीतला इंजिनिअर केल्व्हिन अँड ह्यूज या कंपनीत होता. दवाखान्यात दिव्यांच्या कामाला गेला असताना त्याच्या कानावर आलं की इथला कुणी प्रोफेसर धातू तपासायच्या यंत्रानं बायकांची पोटं तपासतोय. त्यानं सरळ डिरेक्टरीत नंबर शोधून डोनाल्ड यांना फोन लावला. भेटायला गेला, तर यंत्र अगदीच कुचकामी. त्यानं चांगलं यंत्र मिळवलं, मग स्वतःच नवीन बनवायला घेतलं. सुरुवातीचा सांगाडा लहान मुलांच्या मेकॅनो खेळण्याच्या पट्ट्यांचा होता! रुग्णाला जेवण ठेवायचं जे टेबल असतं, त्यावर ते यंत्र बसवलं. तिसरे जॉन मॅकव्हिकर, डोनाल्ड यांच्या हाताखालचे तरुण डॉक्टर. या तिघांनी मिळून बायकांच्या पोटावर तेल लावून काम सुरू केलं. त्याआधी पोटावर पाण्याची बादली ठेवून पाहिली होती. ती सांडायची, बाईही भिजायची आणि डॉक्टरही. आज आपल्याला त्या गार जेलचा वैताग येतो, पण बादलीपेक्षा ते बरंच म्हणायचं.

डोनाल्ड यांची चेष्टा बरीच झाली. हातानं जे कळतं त्यासाठी खोलीभर यंत्र कशाला, असं मोठमोठे डॉक्टर म्हणत. आणि मग ती बाई आली. वय साठीच्या पुढचं. पोट भरमसाट वाढलेलं, सारख्या उलट्या, वजन उतरत चाललेलं. सर्जरी विभागानं जठराचा कॅन्सर, तोही शेवटच्या टप्प्यातला, पोटात पाणी झालेलं, म्हणजे आपण ज्याला जलोदर म्हणतो तो, असं निदान केलं होतं. एक्स-रेही तेच सांगत होता. आता काही करण्यासारखं नाही, असं ठरून गेलेलं. डोनाल्ड आणि मॅकव्हिकर यांनी तिच्या पोटावर यंत्र फिरवलं, तर चित्र जलोदराचं दिसेना. पाणी पोटभर पसरलेलं नव्हतं, एका मोठ्या पिशवीत साठलेलं होतं. पोट उघडलं. अंडाशयाची प्रचंड गाठ निघाली, साधी, कॅन्सरची नसलेली. गाठ काढली आणि ती बाई बरी होऊन घरी गेली.

ही हकीकत मी मुद्दाम सविस्तर सांगतेय. आज सोनोग्राफी म्हटलं की धडकी भरते, काहीतरी वाईट निघेल म्हणून. पण या यंत्राचा पहिला मोठा विजय काय होता? एका बाईच्या कपाळावर मोठ्या माणसांनी लिहून टाकलेलं चुकीचं निदान पुसण्याचा. सगळ्यांनी एक नाव देऊन ठेवलेल्या सावलीकडे पुन्हा एकदा नीट बघितलं गेलं, एवढंच घडलं होतं.

७ जून १९५८ च्या लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात तिघांचा लेख छापून आला. त्यात पोटातल्या गाठींची चित्रं होती आणि गर्भाचीही. चित्रं म्हणजे काळ्यावर पांढरे ठिपके, आपल्याला त्यात काही ओळखताही आलं नसतं. हळूहळू बाळाच्या डोक्याचं माप घेता येऊ लागलं, जुळी आहेत का ते कळू लागलं, वार कुठे आहे ते दिसू लागलं. १९६३ मध्ये आणखी एक गंमत कळली. एका बाईची लघवीची पिशवी भरलेली होती आणि तिचं गर्भाशय फार स्वच्छ दिसलं. भरलेली पिशवी आतड्यांना बाजूला सारते आणि आवाजाला खिडकी मिळते. दोन महिन्यांचा गर्भही दिसायला लागला. तेव्हा मैत्रिणींनो, भरपूर पाणी पिऊन या, लघवीला जाऊ नका, असं सांगून आपल्याला दवाखान्याच्या बाकावर तासभर तळमळत बसवतात ना, त्याचं मूळ ग्लासगोत आहे!

१९६४ मध्ये ग्लासगोच्या यॉर्कहिल भागात क्वीन मदर्स हॉस्पिटल सुरू झालं. ते उभं राहावं म्हणून डोनाल्ड यांनी जिवाचं रान केलं होतं. तिथे त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉक्टरांत स्टुअर्ट कॅम्बेल होते. ते पुढे लंडनला गेले. १९७२ मध्ये त्यांनी १७ आठवड्यांच्या गर्भाला डोक्याची कवटीच तयार झालेली नाही, हे सोनोग्राफीवर ओळखलं. असं बाळ जगू शकत नाही. १९७५ मध्ये त्यांनी पाठीच्या कण्याचा जन्मजात दोषही असाच ओळखला. आपली पाचव्या महिन्यातली तपासणी ही त्या दिवसांची लेक. तोपर्यंत बाईला जे व्हायचं ते नऊ महिन्यांनी कळायचं. आता ते निम्म्या वाटेवरच कळू लागलं. हे बरं झालं की वाईट, यावर मी खूप विचार केलाय. माझं मत, बरं झालं. पण त्याबरोबर एक नवंच दुखणं जन्माला आलं, थांबण्याचं. कळलंय, पण पुरतं कळलेलं नाही, अशा अवस्थेत दिवस काढण्याचं.

माझ्या भाचीच्या वाट्याला ते आलं होतं. रिपोर्टात मेंदूतल्या पाण्याच्या गाठीचा उल्लेख. गाठ हा शब्द आणि मेंदू हा शब्द, दोन्ही एकाच ओळीत. पंधरा दिवसांनी मोठ्या शहरात दाखवायचं ठरलं. ते पंधरा दिवस कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. नवरा रात्र-रात्र मोबाइलवर वाचत बसायचा आणि सकाळी चेहरा पाडून चहा प्यायचा. सासूबाईंनी ग्रहणात बाहेर गेली होतीस का म्हणून विचारलं. आईनं रडून घेतलं. तिनं काय केलं? एक वही घेतली आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून काढले. ही गाठ एकटीच आहे की आणखी काही दिसतंय? हृदय, हात, पाय, पाठ नीट दिसली का? पुढची तपासणी कधी, त्यातून नक्की काय कळेल? मोबाइलवर वाचलेलं तिला सांगायचं नाही, असं नवऱ्याला बजावलं. आणि घरात कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं काम थोरल्या जावेकडे सोपवलं. ही जाऊ मोठी खमकी, तिनं सगळ्यांची तोंडं बंद केली. शहरातल्या तपासणीत बाकी सगळं व्यवस्थित निघालं. सातव्या महिन्यात ती गाठ दिसलीसुद्धा नाही.

मेंदूतली ही बारीक पाण्याची गाठ, हृदयातला पांढरा ठिपका, या खुणा आहेत, आजार नव्हेत. दुसरं काही सोबत नसेल तर बहुतेक बाळं निरोगी असतात, आणि ती गाठ बहुधा सात महिन्यांच्या आत विरून जाते. नाळेत तीनऐवजी दोन रक्तवाहिन्या असणं, मूत्रपिंडाची नळी किंचित फुगणं, यातही बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवावं लागतं. आईच्या रक्तावरून जी तपासणी करतात, ती शक्यता किती आहे एवढंच सांगते. खात्री करायची तर गर्भजल तपासावं लागतं आणि त्याचा पूर्ण निकाल यायला दोन-तीन आठवडे जातात. बाळाच्या हृदयाची वेगळी, खास सोनोग्राफी असते. ही नावं कळली तर दवाखान्यात निदान आपण काय बोलतोय ते समजतं.

पण सगळ्यांचंच असं गोड होतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. ओळखीतल्या एकीच्या बाळाच्या हृदयात खरोखर दोष होता. तो आधी कळला म्हणून बाळंतपण लहान गावात न करता जिथे मुलांच्या हृदयाचे सर्जन आहेत त्या शहरात झालं, बाळाचं ऑपरेशन झालं. (जन्मजात दोष असलेल्या मुलांवर सरकारी खर्चानं उपचार करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, त्याची चौकशी आशाताईकडे करता येते.) आणि दुसऱ्या एकीच्या बाळाला कवटी नव्हती. तिथे ना ऑपरेशन होतं ना औषध. तिनं गर्भपात करून घेतला. नंतर कित्येक महिने ती कुणाच्या बारशाला गेली नाही. लोक म्हणत, अजून जन्मलंही नव्हतं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? तिच्या नवऱ्यानं मात्र ते बाळ पाहिलं होतं, त्यानं तिला कधी असं म्हटलं नाही. पुढच्या खेपेस डॉक्टरांनी तिला दिवस जाण्याच्या आधीपासूनच फोलिक ॲसिड जास्त प्रमाणात दिलं. या दोषाचा धोका त्या साध्या गोळीनं पुष्कळ कमी होतो, हे १९९१ मध्ये सिद्ध झालंय.

इथे डोनाल्ड यांच्याशी माझं भांडण आहे. ते श्रद्धाळू ख्रिस्ती होते. ब्रिटनमध्ये १९६७ मध्ये गर्भपाताचा कायदा आला तेव्हा त्यांनी उघडपणे विरोध केला. गर्भपातासाठी आलेल्या बाईला ते पडद्यावर हलणारं बाळ दाखवत, तिचं मन बदलावं म्हणून. त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण आधीच मोडलेल्या बाईला अशा प्रकारे पडदा दाखवणं मला पटत नाही. निर्णय तिचा, ओझंही तिचंच. आपल्याकडे १९७१ च्या कायद्यानं सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्यात लागत नाही. हे कितीजणींना माहीत असतं? २०२१ मध्ये या कायद्यात बदल झाला. बाळात गंभीर दोष असेल तर २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं, आणि त्यानंतर सरकारी वैद्यकीय मंडळाच्या मंजुरीनं गर्भपात करता येतो. म्हणूनच ही सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत उरकलेली बरी, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला आणि शांतपणे विचार करायला दिवस हाताशी राहतात.

आणि ज्या यंत्रातून चार मुलींच्या बापानं बायकांची पोटं पाहिली, त्याच यंत्राचं महाराष्ट्रात काय झालं ते आपण जाणतोच. १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्या राज्यानं केला, १९९४ मध्ये तो देशभर झाला. तरीही २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. तेव्हापासूनचा कडकपणा, भिंतीवरची पाटी, फॉर्मवरच्या सह्या, हे योग्यच आहे. पण त्यातून एक गैरसमज पसरलाय. सोनोग्राफी करताना डॉक्टर गप्प असतात, बाईला वाटतं काहीतरी लपवताहेत. ते गप्प असतात कारण मापं घेत असतात. कायदा फक्त मुलगा की मुलगी हे सांगायला मनाई करतो. बाळाच्या तब्येतीबद्दल काहीही विचारायला आणि ते समजेल अशा मराठीत सांगायला कसलीही मनाई नाही. विचारा. रिपोर्टची प्रत मागून घ्या.

डोनाल्ड स्वतःही अशा खुर्चीत बसले होते, टेबलाच्या अलीकडच्या. त्यांच्या हृदयाची झडप खराब होती. ग्लासगोत काम ऐन भरात आलं असताना त्यांना धाप लागू लागली. हृदयाची मोठी ऑपरेशनं झाली, एकदा नव्हे, तीनदा. झडप बदलावी लागली आणि बदललेलीही पुन्हा बदलावी लागली. त्या काळी असं ऑपरेशन म्हणजे परत येऊ की नाही याची खात्री नसे. दर वेळी हा माणूस उठला आणि पुन्हा वॉर्डात गेला. १९७६ मध्ये, निवृत्त होण्याच्या वर्षी, त्यांनी आपल्या या आजारपणावर एका वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला, डॉक्टर म्हणून नव्हे, खाटेवर पडलेला रुग्ण म्हणून. आयुष्यभर दुसऱ्यांना निदान ऐकवणाऱ्या माणसानं आपलं निदान ऐकून घेणं कसं असतं ते लिहावं, हे मला त्यांच्या यंत्राइतकंच मोलाचं वाटतं.

निवृत्तीनंतर ते इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, एसेक्समधल्या पॅगलशम नावाच्या खाडीकाठच्या खेड्यात राहायला गेले. होडी चालवायची, पियानो वाजवायचा, जलरंगात चित्रं काढायची, असे त्यांचे छंद होते. १९ जून १९८७ ला ते गेले. त्याच गावातल्या चर्चच्या आवारात त्यांना पुरलं आहे. अधू हृदयाच्या या माणसाला शहात्तर वर्षांचं आयुष्य लाभलं. ॲलिक्स शेवटपर्यंत बरोबर होती.

त्यांनी उभं केलेलं क्वीन मदर्स हॉस्पिटल २०१० मध्ये बंद झालं. तिथल्या बायका आता शहरातल्या दुसऱ्या हॉस्पिटलांत जातात आणि आपल्यासारख्याच आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट बघत बाकावर बसतात.